अनुभवाचा दाखला

पावसाळा तोंडावर आला होता. रविवारची सकाळची मिस्सा आटोपून माणसे पांगली, तरी एक गृहस्थ टिळकवाडीच्या आमच्या अंगणात टोपी हातात धरून तसेच उभे होते. बेळगाव तालुक्यातील एका खेड्यातले ते शेतकरी. थोरला मुलगा अभियांत्रिकी महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला. मी ‘बसा’ म्हटल्यावर त्यांनी खिशातून घडी घातलेला एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. मुलाने एखाद्या कारखान्यात जाऊन ठरावीक आठवडे काम करावे व तसा दाखला आणावा, त्याशिवाय त्या विषयाचे गुण मिळणार नाहीत, असे महाविद्यालयाने कळविले होते.

“फादर,” ते म्हणाले, “पोराला इंजिनिअर करायचं म्हणून कॉलेजात घातलं. सोसायटीचं कर्ज काढून फी भरली. आता कॉलेजच म्हणतंय, फौंड्रीत जा! आमच्या भावकीतली दोन पोरं दहावी नापास होऊन तिथंच वाळू चाळतात की. मग ह्याला शिकवलं कशाला? पगार नाही, बसचं भाडं वर आमचंच.” मग जरा आवाज खाली आणून त्यांनी विचारले, “एक जण म्हणतोय, पैसे दिले की नुसता दाखला मिळतो. घेऊ का?”

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी तेथल्या तेथे दिले: घेऊ नका. ते इतक्या ठामपणे मला का देता आले, ते पुढे सांगेन. पहिला प्रश्न मात्र मला सोपा वाटला नाही. आपल्या खेड्यांतील कितीतरी आईबापांच्या मनात आज तोच प्रश्न आहे. शेतात आणि कारखान्यात राबणे चुकावे म्हणूनच आपण मुलांना शिकवितो. आणि उच्च शिक्षण घेऊ लागलेल्या त्याच मुलाला महाविद्यालय पुन्हा शेतात आणि कारखान्यात पाठविते. यात महाविद्यालय आपली जबाबदारी टाळते की खरोखर काही शिकविते, हे समजून घेतल्यावाचून त्या गृहस्थांची समजूत घालणे मला प्रामाणिकपणाचे वाटेना. यास्तव हा लेख.

एकाच रस्त्यावर

टिळकवाडीहून खानापूर रस्त्याने निघाले की थोड्याच वेळात उद्यमबाग लागते. तेथे लोखंड वितळविणाऱ्या फौंड्र्या आहेत, यंत्रांचे सुटे भाग घडविणारी लहानमोठी वर्कशॉपे आहेत. तोच रस्ता पुढे मच्छे गावाकडे जातो, आणि तेथे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे ‘ज्ञानसंगम’ हे आवार आहे. हे विद्यापीठ १९९८ साली स्थापन झाले व कर्नाटकातील बहुसंख्य अभियांत्रिकी महाविद्यालये त्याच्याशी संलग्न आहेत. एकाच रस्त्यावर भट्टी आणि विद्यापीठ! परंतु रस्ता एक असला म्हणून जाणेयेणे असतेच असे नाही. भट्टीवरच्या माणसाला विद्यापीठाच्या फाटकाचा धाक वाटतो, आणि विद्यापीठातल्या मुलाला भट्टीच्या धुराची शिसारी येते. हे दोन टप्पे जोडण्याच्या खटपटीलाच आज ‘अनुभवाधिष्ठित शिक्षण’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. आपल्या भाषेत त्याला जुना आणि सुटसुटीत शब्द आहे: उमेदवारी.

ही खटपट आपल्या भागाला नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण रंग नीट ओळखू न येण्याचा दोष डोळ्यांत असल्याने रंगकामाची वाट सोडून ते यंत्रांची रेखाचित्रे काढण्याकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. म्हणजे मूळचे ते शिक्षक. ती नोकरी सोडून ते बेळगावास आले. त्यांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ साली बेळगावातल्या सायकलींच्या दुकानापासून मानला जातो. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर त्यांनी तयार केला.

नांगर कागदावर बरोबर होता. परंतु तो घेण्यास शेतकरी धजेना. लोखंडाच्या फाळाने जमिनीत विष भिनते, अशी त्या काळी समजूत होती. पहिले नांगर खपावयास बराच काळ लागला. शेतकऱ्याचा बैल, त्याची जमीन, त्याची भीती आणि त्याची ऐपत या चार गोष्टी कोणत्याही रेखाचित्रात दिसत नाहीत. त्या बांधावर उभे राहिल्यावरच दिसतात. मात्र याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. रेखाचित्र काढता येत नसते, तर नांगर मुळात झालाच नसता. बेळगावची जागा नव्या वसाहतीसाठी सोडावी लागली तेव्हा, १९१० साली, औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली आणि पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

हेच नांगर विकण्याच्या कामावर काही काळ एक तरुण होता व त्या निमित्ताने तो खेडोपाडी हिंडला. तो तरुण म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. त्यांचा जन्म १८८७ साली कोल्हापूरकडच्या कुंभोज येथे, म्हणजे निपाणीहून फार दूर नव्हे, एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. बहुजनांच्या घरांत शिक्षणाचा किती अंधार आहे, हे त्यांनी कोणत्या अहवालात वाचले नव्हते. दारोदार हिंडताना पाहिले होते. १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवीत आणि स्वतः कामे करीत. १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, ते ‘कमवा व शिका’ या तत्त्वावर. हाताने श्रम करून शिक्षणाचा खर्च भागवावयाचा आणि पदवी घ्यावयाची, हा विचार त्या योगे महाविद्यालयाच्या उंबरठ्याच्या आत आला. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने, जे १९६२ साली स्थापन झाले, हीच परंपरा पुढे चालविली.

श्रम आणि शिक्षण

येथे एक भेद स्पष्ट करावयास हवा, कारण त्याविषयी आपला बराच गोंधळ होतो. ‘कमवा व शिका’ मधील श्रमाने मुलाची फी भागते, त्याचा ताठा उतरतो, काम हलके नसते हे त्याला कळते. हे लहानसहान लाभ नव्हेत. परंतु रसायनशास्त्र शिकणारा मुलगा सकाळी बागेला पाणी घालतो, म्हणून त्याचे रसायनशास्त्र पक्के होत नाही. पोट भरण्यासाठी केलेले काम आणि विषय समजण्यासाठी केलेले काम यांत फरक आहे. पहिल्याला मोल हवे. दुसऱ्याला शिक्षक हवा. मोलही नाही आणि शिक्षकही नाही, असे काम जर मुलाच्या वाट्याला आले, तर ती निव्वळ वेठ होय. आमच्या गृहस्थांना आलेली शंका या अर्थाने अगदीच चुकीची नव्हती.

विषय समजण्यासाठी गावात उतरण्याचा एक मोठा प्रयोग निपाणीच्या शेजारीच झालेला आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील भुदरगड तालुक्यात गारगोटी येथे १९४७ साली मौनी विद्यापीठ उभे राहिले. त्यामागे जे. पी. नाईक होते. आजरा तालुक्यातील बहिरेवाडी हे त्यांचे गाव. विद्वान म्हणून त्यांचे नाव देशभर झाले, पण त्याआधी धारवाड जिल्ह्यातील उप्पिन बेटगेरी या खेड्यात राहून त्यांनी ग्रामसेवा केली होती. १९५६ साली केंद्र शासनाने देशात काही ग्रामीण उच्च शिक्षण संस्था सुरू केल्या, त्यांत गारगोटीची निवड झाली. खेड्यातील मुलाने खेड्यातच उच्च शिक्षण घ्यावे, वर्गात शिकलेले आसपासच्या गावांत लावून पाहावे, गावाची पाहणी करावी, त्याच्या अडचणी समजून घ्याव्या आणि पदविका घेऊन गावाच्याच उपयोगी पडावे, अशी ती कल्पना होती.

पुढे काय झाले? या संस्थांपैकी अनेक संस्था कालांतराने नेहमीच्या विद्यापीठांच्या पदव्यांच्या चाकोरीत मिळून गेल्या. याचा दोष एकट्या शासनावर टाकून चालणार नाही. आईबापांना पदविका नको होती, पदवी हवी होती. नोकरी देणारे पदवी विचारीत होते. आणि खेड्यात राहून शिकणे म्हणजे दुय्यम शिकणे, असे आपणच मनात धरून बसलो होतो. ज्याला आपण घरात मान देत नाही, त्याला बाहेर मान मिळत नाही.

तरीही बी वाया गेले नाही. हेच नाईक १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. शिक्षणात कार्यानुभव असावा आणि विद्यार्थ्याने समाजसेवेत भाग घ्यावा, असा आग्रह त्या आयोगाने धरला. २४ सप्टेंबर १९६९ रोजी राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. आपल्या गावात शिबिरासाठी उतरणारी, गटारे साफ करणारी आणि रात्री शाळेच्या व्हरांड्यात झोपणारी कॉलेजची मुले आपण पाहिली आहेत. ती या योजनेचीच.

पहिली भाकरी

पाश्चात्त्य देशांतही हा विचार अशाच धडपडीतून आला. अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर नावाचे प्राध्यापक होते. कारखान्याचे ज्ञान वर्गात पूर्णपणे देता येत नाही आणि वर्गाचे ज्ञान कारखान्यात आपोआप मिळत नाही, हे त्यांनी हेरले. १९०६ साली त्यांनी अभियांत्रिकीच्या २७ विद्यार्थ्यांना घेऊन एक योजना आरंभिली. दोन-दोन विद्यार्थ्यांच्या जोड्या केल्या. एक वर्गात असताना दुसरा कारखान्यात, आणि मग अदलाबदल. त्या मुलांना कामाचे वेतनही मिळे. आज जगातील कितीतरी विद्यापीठांत चालणारी पद्धत या २७ मुलांपासून सुरू झाली.

जॉन ड्यूई या तत्त्वज्ञाने १९३८ साली ‘अनुभव आणि शिक्षण’ या विषयावर एक छोटेखानी पुस्तक लिहिले. खरे शिक्षण अनुभवातून येते, हे त्यांचे मत प्रसिद्धच आहे; पण त्याच पुस्तकात त्यांनी एक इशाराही दिला की, प्रत्येक अनुभव शिकवितोच असे नाही; काही अनुभव तर माणसाला अधिक बोथट करतात. चाळीस वर्षे एकच चूक करणाऱ्यालाही चाळीस वर्षांचा अनुभव असतोच की!

मग शिकविणारा अनुभव कोणता? डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ साली त्याच्या चार पायऱ्या मांडल्या. त्या समजण्यासाठी आपल्या माताभगिनींना कोणत्याही विद्यापीठात जावे लागणार नाही. मुलगी पहिल्यांदा ज्वारीची भाकरी थापते आणि तिच्या कडा चिरतात. ही पहिली पायरी: प्रत्यक्ष करणे. ती थांबून पाहते की आईची भाकरी चिरत नाही, आपलीच का चिरली? ही दुसरी: नीट पाहणे. तिच्या ध्यानात येते की आईने पीठ गरम पाण्यात मळले होते, आपण गार पाणी घेतले. ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नाही. गरम पाण्याने तिच्या पिठाला थोडी चिकटी येते. ही तिसरी: कारण सापडणे. आणि मग ती पुन्हा पीठ घेते. ही चौथी: नव्याने करून पाहणे. ज्या घरात पहिली भाकरी चिरल्याबरोबर “ऊठ, तुला जमायचं नाही” म्हणून मुलीला उठवतात, तेथे पहिल्या पायरीवरच शिक्षण संपते. ज्या घरात चिरलेली भाकरी मुकाट्याने खाऊन कोणीच काही विचारीत नाही, तेथेही ते संपतेच.

तात्पर्य, नुसते करणे म्हणजे शिकणे नव्हे, आणि नुसते कारण पाठ करणे म्हणजेही शिकणे नव्हे. करणे आणि कारण यांची गाठ पडते तेथे शिक्षण होते. ही गाठ मारून देण्यासाठी महाविद्यालयाचा एक शिक्षक आणि कामावरचा एक जाणकार, असे दोघे लागतात.

आपल्या दारात आलेली मुले

वैद्यकीय शिक्षणात ही गोष्ट फार पूर्वीपासून मान्य आहे. एम.बी.बी.एस.ची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरही एक वर्षाची फिरती उमेदवारी केल्याखेरीज कोणाला डॉक्टर म्हणून स्वतंत्रपणे काम करता येत नाही. पुस्तक पाठ असलेल्या माणसाच्या हाती आपले मूल द्यावयास आपणही तयार नसतो. मग पूल बांधणाऱ्याविषयी, जमिनीचा सल्ला देणाऱ्याविषयी आपण कमी काळजी का करावी?

कृषी महाविद्यालयांतील पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुले काही महिने खेड्यांत येऊन शेतकऱ्यांबरोबर काम करतात. वृत्तपत्रे त्यांना ‘कृषिदूत’ आणि ‘कृषिकन्या’ म्हणतात. ही मुले गावात माती परीक्षणाचे प्रात्यक्षिक करून दाखवितात, ते आपण पाहिले असेल. बांधाजवळची, झाडाखालची किंवा खताच्या ढिगाजवळची माती घ्यावयाची नाही. शेतात नागमोडी चालत निरनिराळ्या ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे वीतभर खोल खड्डे घ्यावयाचे. त्यांच्या बाजूची माती खरवडून एकत्र करावयाची. तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकावयाचे, आणि असे करीत करीत अर्धा किलो माती उरली की ती पिशवीत भरावयाची. वर्गात हे दहा ओळींत शिकून होते. पण शेतकरी जेव्हा विचारतो, “माझ्या एकाच शेतात वरची पट्टी तांबडी आणि खालची काळी आहे, मग पिशवी एक का दोन?” तेव्हा त्या दहा ओळींचा अर्थ मुलीला प्रथमच कळतो. उत्तर ‘दोन’ असे आहे. पण ते उत्तर आता तिच्या वहीतले राहत नाही, तिचे स्वतःचे होते. आणि शेतकऱ्यालाही सर्व शेताला सारखेच खत टाकण्याचा खर्च वाचविण्याची वाट सापडते.

अशी मुले आपल्या गावात आली म्हणजे आपण त्यांच्याशी कसे वागतो? पुष्कळदा आपण त्यांना चहा पाजतो, फोटो काढू देतो, वहीवर सही करतो आणि मोकळे होतो. हा पाहुणचार झाला, शिक्षण नव्हे. त्यांना खरी अडचण दाखवा. उसाला हुमणी लागली असेल तर ती मुळी उकरून दाखवा. तंबाखूचा मागच्या वर्षीचा हिशेब त्यांच्यापुढे मांडा आणि विचारा, यात आम्ही कोठे चुकलो? ज्याला कठीण प्रश्न विचारला गेला नाही, तो कठीण उत्तर शोधावयास कधी शिकत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने स्थानिक उद्योग, कारागीर आणि संस्था यांच्याकडील अशा इंटर्नशिपला मोठे महत्त्व दिले. धोरणांची नावे सरकारांबरोबर बदलतात, त्यांवरचे वादही होत राहतील. परंतु इंटर्नशिप आता आपल्या मुलांच्या गुणपत्रिकेत येऊन बसली आहे. आणि जेथे गुण आले, तेथे त्यांचा बाजार येण्यास वेळ लागत नाही.

माझी सही

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. बरीच वर्षे झाली. मी तेव्हा दुसऱ्या एका गावी होतो. समाजकार्याचे शिक्षण घेणारा एक तरुण माझ्याकडे आला. त्याला वस्तीतील कुटुंबांत जाऊन काही दिवस काम करावयाचे होते आणि त्याबद्दल माझी सही हवी होती. पहिले दोन-तीन दिवस तो आला; मग त्याच्या घरी अडचण निघाली, बहिणीचे लग्न निघाले, आणि तो आलाच नाही. शेवटच्या दिवशी तो पूर्ण भरलेला तक्ता घेऊन उभा राहिला. घरची गरिबी मला ठाऊक होती. एक वर्ष वाया गेले असते तर त्याचे शिक्षणच सुटले असते, असे मला वाटले. मी सही केली. त्या वेळी मला ती दया वाटली.

पुढे तो एका संस्थेत नोकरीस लागला. एकदा त्याला अशा घरी पाठविले गेले, जेथे बाप दारूच्या आहारी गेला होता आणि शाळेत जाणारी मुलगी घरी बसविली होती. त्या घरात कोठे बसावे, प्रथम कोणाशी बोलावे, बाप ओरडू लागला तर काय करावे, आईला एकटीला केव्हा गाठावे, यांतील काहीच त्याला ठाऊक नव्हते. तो चार शब्द बोलून परत आला. त्या बापाने मुलीला नातेवाइकांकडे दूर पाठवून दिले, आणि ती पुन्हा शाळेत गेली नाही. तो तरुण मला भेटावयास आला तेव्हा त्याने मला बोल लावला नाही. तो एवढेच म्हणाला, “फादर, तुम्ही सही दिलीत, पण ते दिवस माझ्याजवळ नाहीतच.”

त्या वाक्याने मला बरेच काही शिकविले. खोट्या दाखल्याने फसते कोण? महाविद्यालय नव्हे, त्याची फाईल पूर्ण होते. दाखला देणाराही नव्हे. प्रथम फसतो तो विद्यार्थी, कारण त्याचे जे दिवस शिकण्याचे होते ते पुन्हा येत नाहीत. आणि त्याच्यानंतर फसते ते त्याच्या हाती सोपविलेले कोणी तरी: रुग्ण, शेतकरी, किंवा शाळा सुटलेली एखादी मुलगी. त्या तरुणाला मी वेळ वाढवून मागण्यास मदत करावयास हवी होती, महाविद्यालयास पत्र लिहावयास हवे होते. ते कष्टाचे होते. सही सोपी होती.

आईबापांनी काय पाहावे

आपल्या मुलास वा मुलीस महाविद्यालयाने कामावर पाठविले, तर रागावू नका आणि डोळे मिटून मानही डोलावू नका. पहिल्या आठवड्याच्या अखेरीस घरी जेवताना तीन प्रश्न विचारा. आज तू स्वतःच्या हाताने काय केलेस? त्यात काय बिघडले? आणि ते का बिघडले, हे तुला कोणी समजावले? पहिल्या प्रश्नास ‘नुसता उभा होतो’ असे उत्तर आले, तर तेथे काम नाही. दुसऱ्यास ‘काहीच बिघडले नाही’ असे आले, तर त्याला खरे काम दिलेले नाही. तिसऱ्यास ‘कोणी नाही’ असे आले, तर तेथे शिक्षक नाही. अशा वेळी महाविद्यालयात जाऊन संबंधित प्राध्यापकांची भेट घ्या. ते तुमचा वेळ घेत नाहीत. तुम्ही त्यांचे काम त्यांना आठवून देत आहात. मुले नेहमी चुकतात असे नाही, आणि महाविद्यालये नेहमी बरोबर असतात असेही नाही.

पैशाचाही विचार उघडपणे करावा. १९६१ च्या उमेदवारी कायद्याखाली कारखान्यातील उमेदवारास विद्यावेतन द्यावे लागते, आणि १९७३ च्या दुरुस्तीने पदवी व पदविका घेतलेल्या अभियंत्यांनाही त्या कायद्यात आणले गेले. परंतु शिकत असताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केलेल्या इंटर्नशिपला हा कायदा आपोआप लागू होत नाही. म्हणून आरंभीच विचारावे: काही विद्यावेतन मिळेल काय, प्रवासाची सोय आहे काय, दुखापत झाल्यास जबाबदारी कोणाची? ज्याच्या घरी ओळखीपाळखी आहेत, त्याच्या मुलाला मोठ्या कंपनीत जागा मिळते, आणि खेड्यातला मुलगा जेथे मिळेल तेथे जातो. ही विषमता खरी आहे. ती कमी करण्यासाठी आपल्यातीलच जे कारखानदार, कंत्राटदार, परिचारिका, शिक्षक आहेत, त्यांनी वर्षाकाठी एका तरी मुलाला आपल्याजवळ घ्यावे आणि मन लावून शिकवावे.

मुलींविषयी एक शब्द अधिक. मुलाला कारखान्यात पाठविताना आपण भाड्याचा विचार करतो. मुलीला पाठविताना लोकांचा. सुरक्षिततेची चौकशी अवश्य करा, जागा जाऊन पाहा, वेळा विचारा. पण चौकशीअंती सर्व ठीक असेल तर केवळ ‘लोक काय म्हणतील’ म्हणून तिला घरी ठेवून दाखला तेवढा आणू नका. तिच्या हाती पदवी देऊन तिचे हात बांधून ठेवल्यासारखे ते होईल.

मूठभर वाळू

त्या गृहस्थांचा मुलगा अखेर फौंड्रीत गेला. पहिले काही दिवस त्याला केवळ तयार माल मोजावयास बसविले. वडिलांनी महाविद्यालयात जाऊन तसे सांगितले. प्राध्यापक येऊन मालकांशी बोलले, आणि मग त्याला एक अडचण सोपविण्यात आली. ओतलेल्या काही भागांच्या अंगावर बारीक छिद्रे पडत होती व माल परत येत होता. साचे भरणारे एक वयस्क कारागीर तेथे होते. शाळा फारशी न शिकलेले. ते साच्याची वाळू मुठीत घट्ट दाबीत, मूठ उघडीत, तो गोळा बोटांनी मोडून पाहत आणि म्हणत, “आज पाणी जास्त आहे.” का जास्त नको, हे त्यांना सांगता येईना, पण त्यांची मूठ चुकत नसे.

मुलाला कारण ठाऊक होते. वाळू, बेंटोनाइटची माती, कोळशाची भुकटी आणि पाणी यांच्या साच्यात तेराशे-चौदाशे अंशांचे लोखंडाचे पाणी पडले की साच्यातल्या ओलाव्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली म्हणजे ते सुमारे सोळाशे पट जागा मागते. ती जागा मिळाली नाही तर वाफ लोखंडातच अडकते आणि छिद्र पडते. हे त्याने पुस्तकात वाचले होते, परीक्षेत लिहिले होते, आणि तरीही तो ओल्या वाळूजवळ रोज उभा असून त्याला ते दिसले नव्हते. त्या मुठीने ते दाखविले. मग त्याने रोज सकाळी वाळूतील ओलावा मोजून फळ्यावर लिहिण्याची पद्धत घातली, आणि शेजारी त्या कारागिरांचा निर्णयही लिहू लागला. बहुतेक दिवशी दोघांचे जुळे. ज्या दिवशी जुळत नसे, त्या दिवशी दोघेही थांबून पुन्हा वाळू पाहत.

सुट्टी संपल्यावर ते गृहस्थ पुन्हा भेटले. मी विचारले, “काय, दाखला मिळाला का?” ते म्हणाले, “मिळाला की. पण फादर, त्याहून एक गंमत झाली. भावकीतली ती पोरं आहेत ना, वाळू चाळणारी? हा आता संध्याकाळी त्यांच्याजवळ जाऊन बसतो. काय काय विचारत असतो त्यांना. आधी कधी बोलत नव्हता.”

दाखला त्यांनी घरी पेटीत ठेवला आहे. तो त्यांनी मला दाखविला नाही, आणि मीही मागितला नाही.